उजेडाचा गजर: कोंबड्यापासून दिव्याच्या घड्याळापर्यंत



गेल्या काही महिन्यांत दवाखान्यात एक प्रश्न वारंवार येतोय. पेशंट बीपी दाखवून उठता उठता मोबाईल पुढे करतात आणि विचारतात, "डॉक्टर, हे सूर्योदयाचं घड्याळ घेऊ का?" फोटोत एक गोल दिवा असतो. आपण ठरवलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी तो मंद लालसर पेटतो, हळूहळू पिवळा होतो आणि उठायच्या वेळेला खोली लख्ख होते. शेवटी हवं तर पाखरांचा आवाज. माझ्या मुलाने मला असंच एक घड्याळ आणून दिलं, त्याला आता वर्ष होईल. म्हणजे या विषयावर मी डॉक्टर म्हणूनही बोलू शकतो आणि गिऱ्हाईक म्हणूनही.

पण "घ्या" किंवा "घेऊ नका" असं एका शब्दात सांगण्याआधी थोडा इतिहास सांगतो. आपल्या भागातला माणूस सकाळी कशाने उठत आला, हे कळलं की या दिव्याकडून काय मागायचं आणि काय मागायचं नाही, हे आपोआप कळेल.

घड्याळ नव्हतं तेव्हा

नेऱ्यात सूर्य माथेरान-प्रबळगडाच्या रांगेमागून वर येतो. उजेड आधी येतो आणि सूर्याचा गोळा मागाहून दिसतो. जुन्या माणसांची सकाळ या उजेडाच्याही आधी सुरू व्हायची. कोंबडा आरवला की बाई जात्यावर बसायची. देवळात काकड आरती, दारात मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव. वेळ मोजायला घटिकापात्र असे. एक घटका २४ मिनिटांची, दोन घटकांचा एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटं.

आयुर्वेदात ब्रह्ममुहूर्तावर उठायला सांगितलं आहे. पुष्कळ लोक त्याचा अर्थ "रोज पहाटे चार वाजता" असा घेतात. हिशोब तसा नाही. सूर्योदयाच्या आधी ९६ मिनिटांपासून ४८ मिनिटांपर्यंतचा तो काळ. आपल्या पनवेल भागात जूनच्या सुरुवातीला सूर्योदय सहाच्या सुमारास होतो, तेव्हा ब्रह्ममुहूर्त साधारण ४:२५ ला लागतो. जानेवारीच्या मध्यावर सूर्योदय जवळजवळ सव्वासातला, म्हणजे ब्रह्ममुहूर्त ५:४० च्या आसपास. एकाच गावात सव्वा तासाचा फरक! जुनं वेळापत्रक सूर्याबरोबर सरकत होतं. घड्याळाचा काटा मात्र सरकत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आणि कोंबडा? तो उजेड पाहून आरवतो असं आपण समजतो. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी कोंबड्यांना दिवसरात्र एकसारख्या मंद उजेडात ठेवून पाहिलं. तरीही ते रोज ठराविक वेळेला आरवत राहिले. हे संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे कोंबड्याचं घड्याळ त्याच्या आत आहे. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, ही म्हण आपल्याला ठाऊक आहेच. विज्ञानाने तिला एक जोड दिली: कोंबडं झाकून ठेवलं म्हणून आरवायचंही राहत नाही!

असंच घड्याळ तुमच्या-माझ्या आत आहे. त्याचा पहिला सुगावा एका लाजाळूसारख्या रोपाने दिला. १७२९ मध्ये फ्रान्समध्ये द मेराँ नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने दिवसा पानं उघडणारं आणि रात्री मिटणारं रोप काळोखात ठेवलं. काळोखातही पानं आपल्या वेळेला उघडत-मिटत राहिली. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी, २०१७ मध्ये, हे आतलं घड्याळ पेशीच्या पातळीवर कसं चालतं हे शोधणाऱ्या हॉल, रॉसबाश आणि यंग या तिघांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

भोंगा आला

आता मुंबईकडे वळू. १८५० च्या दशकात कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिली कापड गिरणी काढली आणि पुढच्या काही दशकांत परळ-लालबागचं गिरणगाव झालं. कोकणातून, घाटावरून, आपल्या रायगड जिल्ह्यातूनही माणसं तिथे गेली. गावाकडे कोंबड्याने उठणारा माणूस आता भोंग्याने उठू लागला. कोंबड्याचं दुर्लक्ष करून कूस बदलता येते. भोंग्याचं दुर्लक्ष केलं तर मजुरी जाते.

सुरुवातीच्या काळात गिरण्या साधारण उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालत. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून कामही जास्त. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन सरकारला दिलं. त्यात रविवारची सुट्टी होती, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती होती आणि आणखी एक मागणी होती: काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं.

या साडेसहाकडे जरा नीट पाहा. तेव्हा मुंबईची स्वतःची वेळ होती, मुंबईच्या डोक्यावरच्या सूर्याप्रमाणे चालणारी. ती आजच्या भारतीय प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे होती. म्हणजे लोखंडे ज्याला साडेसहा म्हणत होते, ते आजच्या घड्याळात ७ वाजून ९ मिनिटं. वर्षातले बहुतेक दिवस या वेळेला मुंबईत सूर्य उगवलेला असतो. झोपेचं शास्त्र तेव्हा नव्हतं, पण कामगाराला सूर्याआधी कामाला जुंपू नका, असाच त्या मागणीचा अर्थ होतो. रविवारची सुट्टी १० जून १८९० पासून मिळाली. लोखंडे १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता स्वतःच प्लेगाने गेले. आज रविवारी आपण गजर बंद करून झोपतो, तेव्हा त्यांची आठवण ठेवायला हरकत नाही.

पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले. दिवा आल्यावर मावळण्याचा अर्थ उरला नाही. अंधार पडल्यावरही साचे चालू राहू लागले, कामाचे तास वाढले आणि त्यावरून संपही झाले. माणसाच्या झोपेच्या इतिहासात हे मोठं वळण आहे. दिव्याने आधी आपली रात्र घेतली. आता तोच दिवा आपल्याला सकाळ विकायला आला आहे!

३९ मिनिटांचं भांडण

१ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. ती ८२.५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे अलाहाबादजवळून जाणाऱ्या रेषेवर बेतलेली आहे. मुंबईची घड्याळं एकदम ३९ मिनिटं पुढे गेली. सूर्य मात्र होता तिथेच राहिला. सकाळी अमुक वाजता कामावर या, याचा अर्थ आता "रोज ३९ मिनिटं आधी उठा" असा झाला. त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी याविरुद्ध काम बंद पाडलं. महापालिकेत फिरोजशहा मेहतांसारखे पुढारी जुन्या वेळेच्या बाजूने उभे राहिले आणि पालिकेच्या घड्याळांत मुंबई वेळ पुढे कितीतरी वर्षं टिकून राहिली. एकाच शहरात दोन वेळा!

आज आपल्याला हे गमतीचं वाटतं. पण मी नेऱ्याचा हिशोब केला. आपलं घड्याळ आपल्या सूर्याच्या सुमारे ३७ मिनिटं पुढे आहे. तुम्ही पनवेलहून पहाटेची लोकल धरायला साडेचारला उठता, तेव्हा तुमच्या गावच्या सूर्याच्या हिशोबाने चारही वाजलेले नसतात. जानेवारीत तर सूर्योदयाला अजून पावणेतीन तास असतात. तुमचं शरीर कुरकुर करतं ते आळसाने नाही. त्याच्या दृष्टीने ती खरोखर मध्यरात्र असते.

गजर, रेडिओ, मोबाईल

घराघरांत गजराचं घड्याळ आलं ते त्यानंतर. किल्लीचं, वर दोन घंटा असलेलं. माझ्या वडिलांकडे होतं. ते स्टीलच्या ताटलीत ठेवायचे, म्हणजे आवाज दुप्पट. मग रेडिओ. आकाशवाणीची सकाळची ती धून वॉल्टर कॉफमन या युरोपातून मुंबईत आलेल्या संगीतकाराने १९३० च्या दशकात बांधली. आमच्या पिढीला शाळेसाठी उठवलं ते त्या धूनने आणि मागून येणाऱ्या भक्तिगीतांनी. आणि आता मोबाईल, ज्याला बोटाने पुन्हा दहा मिनिटं गप्प करता येतं.

मध्यंतरी माझ्याकडे एक आजोबा आले. आयुष्य गिरणीत गेलं, आता मुलाकडे राहतात. तक्रार झोपेची. "पहिल्या पाळीचा भोंगा वाजायचा त्या टायमाला रोज डोळे उघडतात," म्हणाले. १९८२ च्या संपानंतर त्यांची गिरणी धड चाललीच नाही. भोंगा गेला, पण जाग राहिली. मी त्यांना झोपेची गोळी दिली नाही. रात्री साडेनऊला झोपून पहाटे साडेचारला उठणाऱ्या माणसाला आजार नसतो, सवय असते. हे ऐकूनच त्यांना बरं वाटलं.

उजेड शरीरात काय करतो

आतलं घड्याळ मेंदूत, डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर असतं. ते बरोबर चोवीस तासांचं नसतं, बहुतेकांत थोडं लांब असतं. म्हणून ते रोज जुळवावं लागतं आणि जुळवणारी मुख्य किल्ली म्हणजे उजेड. डोळ्याच्या पडद्यात काही खास पेशी असतात. चित्र दाखवणं हे त्यांचं मुख्य काम नाही. किती उजेड आहे, हे त्या मेंदूला कळवतात. या पेशींचा शोध २००२ च्या सुमारास पक्का झाला. रात्री मेलाटोनिन नावाचं संप्रेरक वाढतं. तीव्र उजेडाने ते दबतं, हे माणसांत १९८० मध्ये दाखवलं गेलं.

याच ज्ञानातून उत्तरेकडच्या थंड देशांत उजेडाचे उपचार आले. तिथे हिवाळ्यात दिवस फार लहान, त्यामुळे काही लोकांना दर हिवाळ्यात नैराश्य येतं. १९८४ मध्ये या आजाराचं नीट वर्णन झालं. उपचार म्हणून सकाळी दहा हजार लक्सच्या दिव्यासमोर अर्धा तास बसवतात. त्याचंच एक सौम्य भावंड म्हणजे कृत्रिम पहाट. माणूस झोपेत असतानाच उजेड हळूहळू वाढवायचा. तुमच्या उशाशी आलेलं घड्याळ हे त्या भावंडाचं घरगुती रूप.

ते काम कसं करतं? मिटलेल्या पापणीतून थोडा उजेड आत जातोच. शेवटच्या अर्ध्या तासात तो मिळाला की झोप हलकी होत जाते आणि गाढ झोपेतून दचकून उठण्याची वेळ कमी येते. उठल्यावरची गुंगी कमी वाटते. यावर जे अभ्यास झाले आहेत ते बहुतांशी लहान आहेत आणि फायदा दिसतो तो माफक. चमत्कार नाही.

आपल्या भागात एक गोष्ट लक्षात घ्या. दिव्याचा उजेड उशीपाशी दोन-तीनशे लक्स. पावसाळ्यातल्या भरून आलेल्या आभाळाखालीही ओट्यावर हजारो लक्स मिळतात. उन्हात तर त्याच्या कितीतरी पट. नेऱ्यात राहून, खिडकीचा जाड पडदा लावून, आत दिव्याचा सूर्योदय पाहणं म्हणजे गाढी नदीच्या काठावर बसून बाटलीचं पाणी पिण्यासारखं आहे. सातला उठत असाल तर आधी पडदा उघडून पाहा. दिवा त्यांच्यासाठी, ज्यांना सूर्याआधी उठावं लागतं.

माझी एक चूक

आता एक गोष्ट मन मोकळं करून सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

चाळिशीतले एक गृहस्थ, औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला जाणारे. सकाळी उठवत नाही, दिवसभर जड वाटतं, बीपी गोळीनेही नीट उतरत नाही. त्यांनी मला या घड्याळाचा फोटो दाखवला. रांग मोठी होती. मी म्हणालो, "घ्या, हरकत नाही, आणि जरा लवकर झोपा." पाच मिनिटांत विषय संपला.

तीन आठवड्यांनी ते पुन्हा आले, मनगट सुजलेलं, कोपर खरचटलेलं. सोबत बायको. पाळी सुटल्यावर मोटारसायकलवरून घरी येताना वळणावर डुलकी लागली आणि गाडी झुडपात गेली. समोरून डंपर आला असता तर काय, हे दोघंही बोलले नाहीत, मीही बोललो नाही. मग वहिनी म्हणाल्या, "डॉक्टर, दिवा लागतो, खोली उजळते, मला जाग येते, पोरीला जाग येते. हे तसेच घोरत असतात. मधेच श्वास थांबतो, मग दचकून घेतात."

घोरतात. हा प्रश्न मी पहिल्या भेटीत विचारायला हवा होता. आटोक्यात न येणारं बीपी, जाड मान, दिवसाची झोप, सगळं माझ्या समोर बसलेलं होतं आणि मी दिव्यावर बोलत होतो. झोपेची तपासणी केली. रात्री तासाला कित्येक वेळा त्यांचा श्वास अडत होता. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. घशातली वाट झोपेत मिटते, ऑक्सिजन उतरतो, मेंदू झोप मोडून श्वास घ्यायला लावतो. माणसाला वाटतं आपण आठ तास झोपलो. खरी झोप त्याच्या निम्मीही नसते. अशा माणसाला कोंबड्याने, भोंग्याने किंवा दिव्याने उठवा, तो थकलेलाच उठणार.

आता ते रात्री हवेच्या दाबाचं सीपॅप यंत्र लावून झोपतात, वजन कमी करतायत. बीपी गोळीला दाद देऊ लागलं. मला मात्र तेव्हापासून एक सवय लागली. कोणीही या घड्याळाचा फोटो दाखवला की मी आधी शेजारी बसलेल्या माणसाला विचारतो, "हे घोरतात का?"

तर घ्यावं का?

तुम्ही सूर्योदयाआधी उठत असाल, रात्री सहा-सात तास झोप होत असेल, आणि तक्रार फक्त दचकून उठण्याची किंवा उठल्यावरच्या गुंगीची असेल, तर जरूर वापरून पाहा. महागडंच हवं असं नाही. उठायच्या वेळेच्या अर्धा तास आधीपासून, उशीपासून हातभर अंतरावर, चेहऱ्याकडे उजेड येईल असं ठेवा. उठल्यावर शक्य तितक्या लवकर बाहेरच्या उजेडात या.

झोपच पाच तास होत असेल तर दिवा उपयोगाचा नाही. तो झोप देत नाही, फक्त ती संपवतो. आधी रात्री मोबाईल किती वाजता खाली ठेवता ते पाहा.

रात्रपाळी करणाऱ्यांनी तर हा दिवा विचारल्याशिवाय लावू नये. चुकीच्या वेळचा उजेड आतलं घड्याळ उलट्या बाजूला ढकलू शकतो. कोणाला बायपोलर आजार असेल, डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल, तर तीव्र उजेडाचे दिवे आपल्या डॉक्टरांना विचारूनच. मन सतत उदास असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर दिवा मागवण्याआधी दवाखान्यात या.

आणि जोडीला साधा गजर लावून ठेवा. गेल्या जुलैत पहाटे लाईट गेली, माझा सूर्य उगवलाच नाही आणि मी सव्वासातपर्यंत झोपलो. शेवटी शेजारच्या वाडीतल्या कोंबड्याने उठवलं. त्याला लाईट लागत नाही.

त्या गृहस्थांचं घड्याळ आता मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर आहे. तिचं दहावीचं वर्ष. पहाटे पाचला तिची खोली हळूहळू उजळते आणि शेजारच्या खोलीत बाबा, नाकाला यंत्र लावून, आवाज न करता झोपलेले असतात. परवा ती गोळ्या न्यायला आली होती तेव्हा म्हणाली, "काका, आता घरात पहाटे एवढं शांत असतं की मलाच झोप लागते."

तुमच्या घरात कोणी घोरत असेल तर हा लेख त्यांच्या शेजारी झोपणाऱ्या माणसाला वाचायला द्या.